चष्मेवाल्याची तंद्री

"एकदा उतार सुरू झाला की मला कुणाचीही आठवण येत नाही," माझी बायको बुटाची नाडी सोडत म्हणाली. आणि मी, शहाण्यासारखा गप्प बसायचं सोडून, विचारलं, "माझीही?"

"तुमची तर मुळीच नाही!"

आणि हसली. चिडवायला हसली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ती मनापासून हसली. गुडघ्यापर्यंत चिखल, गालावर काट्याचा ओरखडा, वय वर्षं चौपन्न. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात बसून दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या ऐकणारी बाई ती हीच, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

आता हे सायकलचं खूळ आलं कुठून ते सांगतो. आमची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिची ती जाड टायरची, डोंगरावर चालवायची सायकल जिन्याखाली पडून होती. मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाकू. बायको म्हणाली, थांबा, एक चक्कर मारून बघते. त्या एका चक्करीला आता आठ महिने झाले होते. दर शनिवारी सकाळी सातला ती गावाबाहेरच्या टेकडीवर जायची. एका बाजूच्या डांबरी रस्त्याने धापा टाकत वर चढायचं, आणि दुसऱ्या बाजूने झाडांतून, मुळांवरून, दगडांतून, हातभर रुंद वाटेने सुसाट खाली यायचं. आणि त्यात म्हणे तंद्री लागते. "सायकल कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते तेच कळत नाही हो," असं ती म्हणायची. एकतीस वर्षं माझ्याशी संसार केला, पण असलं वाक्य माझ्याबद्दल कधी म्हणाली नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांना संशय असतो की बायकोच्या मनात दुसराच कुणीतरी आहे. माझ्या बायकोच्या मनात दुसरा कुणी नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. अडचण अशी की तिथे मीही नव्हतो!

वर वर रागावलो, पण खरं सांगायचं तर घाबरलो होतो. मुलगी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सकाळी एकमेकांना विचारायचं, दूध आणलं का. संध्याकाळी विचारायचं, दार लावलं का. एवढ्यावर आमचं चाललं होतं आणि बरं चाललंय असं मी समजत होतो. आता ही बाई माझ्याशिवाय इतकी खूश होऊ शकते म्हटल्यावर माझी तिला गरज तरी उरली होती का? हे तिला सरळ विचारायचं तर जीभ रेटेना. म्हणून मी ठरवलं की आपणही गुपचूप सायकल शिकायची, ती तंद्री लावून घ्यायची, आणि एके दिवशी तिच्यासमोर उभं राहून सहज म्हणायचं, "अगं, इतका रमलो की तुझी आठवणच आली नाही." फिटंफाट.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने असले बेत करू नयेत, हे मलाही कळतं. पण कळणं आणि वळणं यांच्यात आमच्या घराण्यात पहिल्यापासून जरा अंतर आहे.

टेकडीच्या पायथ्याशी एक बाई सायकली भाड्याने द्यायची आणि शिकवायचीही. पासष्टीची, वेताच्या छडीसारखी सडसडीत. पूर्वी तिने तीस वर्षं या चढउतारांवर सायकलवरून टपाल वाटलं होतं, म्हणून सगळे तिला पोस्टवाली म्हणायचे. मंगळवारी माझं दुकान दुपारनंतर बंद असतं. बायकोला सांगितलं, लेन्सच्या गोदामात जाऊन येतो, आणि थेट पोस्टवालीपुढे उभा राहिलो.

"माझी बायको शनिवारी येते तुमच्याकडे," मी म्हटलं. "तिला यातलं काही कळता कामा नये."

पोस्टवालीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तीस वर्षं मी लोकांची पाकिटं वाटली," ती म्हणाली. "आत काय लिहिलंय ते कुणाला सांगितलं नाही. चला, हेल्मेट घाला."

पहिल्या दिवशी मी माझा सगळ्यात चांगला चष्मा घालून गेलो. मीच बनवलेला. त्याच्या काचेच्या वरच्या भागातून लांबचं दिसतं, मधल्यातून टेबलावरचं आणि खालच्यातून वाचायचं. चौकात माझं जे अरुंद दुकान आहे, पुढे काउंटर आणि मागे काच घासायचं मशीन, तिथे बसून गेली तेहतीस वर्षं मी अशा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आलोय, "या चष्म्याने जिना उतरताना मान खाली घाला हं. नुसती नजर खाली घालाल तर पायरी धूसर दिसेल आणि आपटाल." हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकतो.

सायकल उताराला लागली, मी नुसती नजर खाली घातली, आणि पुढची जमीन दुधात भिजलेल्या ब्रेडसारखी दिसायला लागली. वीस-पंचवीस पावलांवर मी झुडपात होतो. पाय वर, चष्मा एका कानाला लटकलेला.

"दगड दिसला नाही का?" पोस्टवालीने विचारलं.

"माझा चष्मा चुकलाय."

"कुणी बनवला?"

मी चष्मा पुसायला लागलो. धंद्याची अब्रू असते.

पुढच्या मंगळवारी नवा चष्मा बनवून नेला. एकच नंबर, फक्त लांबचा, मागे रबरी पट्टा. अहाहा, काय दिसायला लागलं! पानाची शीर न् शीर, मुळावरची मुंगी, आणि दगड. एकूण एक दगड. आणि इथे माझ्या धंद्याने माझा घात केला. गिऱ्हाईक काच डोळ्यासमोर धरतं तेव्हा त्याला आरपार दिसतं. मी धरतो तेव्हा मला काचेवरचा ओरखडा दिसतो. आधी ओरखडा, मग बुडबुडा, मग कडेचा टवका. डोळ्यांत तेल घालून खोट शोधायची, यावरच माझं पोट चाललंय. टेकडीवर मी तेच केलं. वाट सुरू झाली की माझी नजर पहिला वाईट दगड हुडकायची, त्याला चिकटून बसायची, आणि सायकल इमानदारीत त्यावर जाऊन आदळायची. मग मी उठायचो, कपडे झटकायचो आणि पुढचा दगड हुडकायचो.

"कमाल आहे तुमची," पोस्टवाली म्हणाली. "केवढी मोठी टेकडी, आणि तुम्हाला नेमका तोच दगड सापडतो! अहो, त्याच्याकडे बघाल तर त्याच्यावरच जाल. वाटेकडे बघा."

"वाटेत दगडच आहेत!"

"दगडांच्या मधून वाट आहे."

"ती मला दिसत नाही."

"कशी दिसेल? दगडावरून नजर हलवाल तेव्हा ना!"

घरी मी एकेक थाप मारत होतो. कोपर सोललं तेव्हा सांगितलं, दुकानातली शिडी घसरली. मांडी काळीनिळी झाली तेव्हाही शिडी. तिसऱ्या वेळी हनुवटी फुटली तर बायको म्हणाली, "ती शिडी आहे का रेडा?" मग तिचा स्वर बदलला. "अहो, तुम्हाला नीट दिसत नाहीये. उद्याच डोळे तपासून घ्यायचे."

"मी चष्मेवाला आहे!"

"म्हणूनच म्हणते. स्वतःचे डोळे स्वतः तपासतात का कधी?"

आणि तिने काय करावं? दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा घेऊन आली, माझा दंड धरला आणि मला भर दुपारी रस्ता ओलांडून समोरच्याकडे नेलं. समोरचा म्हणजे माझ्या दुकानासमोरचा चष्मेवाला. त्याची पाटी माझ्या पाटीच्या दुप्पट आहे आणि तिला दिवे आहेत. एकवीस वर्षं आम्ही एकमेकांकडे फक्त काचेतून बघत आलो होतो. त्याच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांतली दोन मूळची माझी. मी खरं सांगून सुटू शकलो असतो. पण मग मंगळवारचं बिंग फुटलं असतं, आणि फिटंफाट राहिली असती बाजूला. मी दात-ओठ खात त्याच्या खुर्चीत बसलो.

समोरच्याच्या तोंडावरून नुसता आनंद वाहत होता. "वाचा," तो म्हणाला.

मी घडाघडा सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या.

"चार्ट पाठ आहे तुम्हाला," तो म्हणाला, आणि त्याने दुसराच चार्ट लावला. मी तोही वाचला. दिवा मारून झाला, वर बघा, खाली बघा झालं. शेवटी त्याने हात टेकले. "वहिनी, डोळे ठणठणीत आहेत यांचे. आल्यापासून माझ्या चार्टचा फाटका कोपरा बघतायत. भिंतीवरचा ओलीचा डाग बघून झाला. माझ्या कोटाचं एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय, तेही बघून झालं. अक्षरं सोडून बाकी सगळं बघतायत."

"घरीही असंच," बायको म्हणाली. "मी दारात आले की यांना आधी चिखल दिसतो."

ती हे तक्रारीने म्हणाली नाही, दुधाची पिशवी फुटली एवढ्या साधेपणाने म्हणाली. समोरचा हसला, गिऱ्हाइकंही हसली. मी मान खाली घालून रस्ता ओलांडला. त्या दिवशी दुपारभर माझ्याकडून एकही काच धड घासली गेली नाही.

पुढच्या मंगळवारी मी मुकाट्याने दगडांवरून नजर उचलली. सोपं नव्हतं. मान धरून ओढावी लागत होती. पण नजर पुढच्या वळणावर ठेवली की सायकल आपली आपण मधली जागा शोधत जायची, हे हळूहळू अंगवळणी पडलं. दोन महिन्यांत न पडता खाली यायला लागलो. पण तंद्री? तिचं नाव नको! तंद्रीसाठीच शिकतोय हे पोस्टवालीला सांगून बसलो होतो, त्यामुळे खाली आलो की ती भुवया उंचावून विचारायची, आणि मी नकारार्थी मान हलवायचो.

"उतरताना डोक्यात काय चाललेलं असतं तुमच्या?"

"तंद्री लागली का ते बघत असतो."

तिने कपाळावर हात मारला. "म्हणजे झोपलेल्या माणसाला हलवून विचारायचं, झोप लागली का! अहो, सोडा तिला. येईल तेव्हा येईल."

मला कुठला धीर? मी म्हटलं, तंद्री नसली तर नसली, तशी थाप तर मारता येईल. आजवर थापा मारूनच इथवर आलोय. पुढच्या शनिवारी बायको सातला घरातून निघाली, आणि मी सव्वासातला. दुकानाच्या दाराला चिठ्ठी लावली, "मशीन बिघडले आहे." बेत असा होता की ती टेकडीवरून खाली येऊन पोस्टवालीच्या दारापुढच्या बाकावर पाणी पीत बसलेली असेल, आणि मी झाडांतून सर्रकन बाहेर येऊन तिच्यासमोर ब्रेक लावीन, हेल्मेट काढीन आणि ते वाक्य टाकीन.

वर पोचेपर्यंत माझ्या छातीचा पार भाता झाला. माथ्यावर कुणी नव्हतं. म्हणजे ती निघालेली. मी दम खाल्ला, पट्टा आवळला आणि सायकल उताराला लावली.

पहिलं वळण ते वाक्य घोळवतच घेतलं. अगं, इतका रमलो की. दुसऱ्या वळणावर वाटलं, "रमलो" जरा मिळमिळीत होतंय, "हरवलो" बरं. अगं, असा हरवलो की. आणि "तुझी आठवणच" म्हणताना जरा थांबायचं, का सरळ म्हणून टाकायचं? तिसऱ्या वळणावर एक जाडजूड मूळ वाटेत आडवं पडलंय. त्या मुळाने मला चारदा लोळवलं होतं. ते आलं, आणि पुढचं चाक उचललं गेलं. मी उचललं नाही. ते उचललं गेलं, मूळ खालून गेलं, चाक टेकलं. आणि वाक्य कुठे पडलं कोण जाणे.

त्यानंतरचं मला धड सांगता येत नाही. वाट होती. ती माझ्या पुढे उलगडत नव्हती की काही नाही, नुसती होती, आणि मी तिच्यावर होतो. गुडघे वाकत होते, सरळ होत होते. दोन बोटं ब्रेकवर होती आणि त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं. वाळलेल्या पानांचा वास येत होता. दगड सगळे जागच्या जागी होते, पण आज त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. डोळ्यांवर काच आहे याचाही विसर पडला. दुकान नव्हतं, समोरचा नव्हता, अठ्ठावन्न वर्षं नव्हती.

मग झाडं संपली, मोकळं मैदान आलं, आणि मी बाकाजवळ उभा होतो. मी मोठ्याने हसत होतो, ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. आणि मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हिला सांगायला हवं! ते पाठ केलेलं टोमण्याचं वाक्य नव्हे, ते तर मला आठवतही नव्हतं. ते मूळ, ती दोन बोटं, तो वास, सगळं. आत्ताच्या आत्ता, थंड व्हायच्या आधी. मी तोंड उघडूनच वळलो.

बाक रिकामा होता. तिची सायकलही नव्हती.

पोस्टवाली चहाचा मग घेऊन दारात उभी होती. "लागली वाटतं," ती म्हणाली.

"ही कुठाय?"

"अजून आली नाही."

"माझ्या आधी निघाली ती!"

"मग वाटेत असेल."

"वाटेत नव्हती."

पोस्टवालीने मग खाली ठेवला. "तुम्ही बघितलंत?" तिने हळूच विचारलं. "नीट?"

डांबरी रस्त्याने मी वर चढलो तेव्हा ती तिथे भेटली नव्हती, आणि खाली यायला दुसरी वाट नव्हती. म्हणजे ती त्याच वाटेवर कुठेतरी होती आणि मी तिच्या बाजूने गेलो होतो. कुठे पडली असली तर? हाक मारली असली तर? मी सायकल तिथेच टाकली आणि उलटा वर धावत सुटलो. धावत कसला, फरपटत. आता मला पुन्हा प्रत्येक दगड दिसत होता, आणि प्रत्येक दगडाजवळ मी झुडपं फाकून बघत होतो. तिला हाका मारत होतो. सूड घ्यायला निघालो होतो मी! स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्यात असं वाटत होतं.

पाचव्या वळणावर एका ओंडक्यावर ती बसलेली दिसली. धडधाकट. सायकल उलटी करून ठेवलेली, मांडीवर टायर, हातात ट्यूब. मला बघून ती उठून उभी राहिली.

"अरे आंधळ्या!"

एकतीस वर्षांत तिने "अहो"चं "अरे" जेमतेम तीनदा केलं असेल. एकदा मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात, कळा देताना. बाकीचे दोन प्रसंग मी सांगणार नाही.

"लागलंय का कुठे?" मी धापा टाकत विचारलं.

"लागलंय म्हणे! पंक्चर झालंय! दोन्ही हात वर करून उभी होते मी इथे. टायर हलवून दाखवला. ओरडले. आधी वाटलं, माझंच डोकं फिरलं. नवरा दुकानात बसलाय, आणि झाडांतून हेल्मेट घालून हे कोण येतंय, तर नवरा! सरळ माझ्या डोळ्यांत बघितलंस. हसलास! आणि गेलास!"

"मी हसलो?"

"बत्तीशी दाखवून!"

"मला काहीच आठवत नाही."

"कसं आठवेल? कधीपासून चाललंय हे?"

"तीन महिने. मंगळवारी."

"मंगळवारी तर तू गोदामात... म्हणजे गोदाम नाही. आणि शिडी?"

"शिडी भिंतीला टेकून उभी आहे. तिने काही केलेलं नाही."

"आणि मी तुला त्या समोरच्याकडे नेलं, त्या खुर्चीत बसवलं, तरी तू बोलला नाहीस?"

"नाही."

तिने ओठ घट्ट आवळले, पण हसू कुठलं ऐकतंय? फुटलंच. ओंडक्यावर बसून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू ओसरलं आणि डोळ्यांतलं पाणी तेवढं राहिलं. ते मात्र हसण्याचं वाटेना.

"असं हसताना मी तुला कधी पाहिलेलं नाही," ती ट्यूबकडे बघत म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा तू त्या फोटोवाल्याच्या काचेवरची धूळ बघतोयस. आणि एवढं हसलास ते माझ्याकडे बघून, पण माझ्यासाठी नाही. मला वाईट वाटलं रे. फार वाईट वाटलं."

मी तिच्या शेजारी बसलो. फिटंफाट झाली होती, मी योजली होती त्याहून सवाई. आणि मला जरासुद्धा बरं वाटत नव्हतं.

"मलाही वाटलं होतं," मी म्हटलं. "तू म्हणाली होतीस ना, माझी आठवण मुळीच येत नाही म्हणून. त्याचा सूड म्हणून तर शिकलो."

"सूड म्हणून माणूस सायकल शिकतो?"

"मी शिकलो. पण खाली पोचलो आणि आधी तुलाच शोधलं. सांगायला."

"काय सांगायला?"

"ते तिसऱ्या वळणावरचं मूळ आहे ना..."

"त्याच्यावर चाक आपोआप उचललं जातं!"

"हो! आणि मग..."

"मग काही राहतच नाही!"

"हो. पण तू नव्हतीस खाली. सगळं तोंडातच राहिलं."

तिने ट्यूब हातात फिरवली. "मला माहितीये तेव्हा कसं वाटतं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण माझ्या डोळ्यांपुढून एकेक शनिवार सरकायला लागला. ती दारात उभी, लाल चेहरा, बोलायला उघडलेलं तोंड. दिवसभर दुनियेच्या तक्रारी ऐकणारी बाई, तिला आठवड्यातून एकदा काहीतरी सांगायचं असायचं. आणि मी पुसणं पुढे करून म्हणायचो, बूट बाहेर. एकदा नाही, दरवेळी. मी तिच्या हातातली ट्यूब घेतली.

"अर्धा तास शोधतेय, भोकच सापडत नाहीये," ती म्हणाली.

मी ट्यूबमध्ये हवा भरली, उजेडाकडे धरली, हळूहळू फिरवली. सुईच्या टोकाएवढं भोक होतं, मला लगेच दिसलं. तिच्याकडे बघून मी जरा भाव खाल्ला. तिने कोपराने ढोसलं. पॅच लावला, टायर चढवला, हवा भरली. मग ती सायकल हाताने ढकलत वर निघाली.

"आता कुठे?"

"पुन्हा माथ्यावर. अर्धी उतरले तर काय उतरले! तुम्ही खाली जाऊन थांबा."

मी खाली येऊन थांबलो. पोस्टवालीने मला काही न विचारता चहा दिला. मी बाकावर न बसता जिथे झाडं संपतात तिथे जाऊन उभा राहिलो. बराच वेळ काही नव्हतं. मग पानांतून चाकांचा आवाज आला, आणि शेवटच्या वळणातून ती बाहेर पडली.

मी हात वर केला. तिने माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, आणि हसली. देवाशपथ सांगतो, ती मला ओळखत नव्हती. तिच्या लेखी मी तिथलं एक झाड होतो. तिचा तो चेहरा मी एकतीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. कपाळावर एक आठी नाही, कुणाची काळजी नाही, कुणासाठी काही करायचं राहिलेलं नाही. मी त्यात खोट शोधायला गेलो नाही. हात वर तसाच धरून बघत राहिलो.

मग उतार संपला. चाकं मंदावली. तिने एकदा पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि झोपेतून उठल्यावर माणूस खिडकी कुठे आहे ते बघतं तशी इकडेतिकडे बघायला लागली. तिला मी दिसलो.

"अहो, ऐका ना!" ती लांबूनच ओरडली. अजून ब्रेकसुद्धा लावला नव्हता.